खडकवासल्याचे संचलन



संचलनाविषयी चार शब्द सांगावेत अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. ती शिरसावंद्य मानून आम्ही उभे आहोत.

३० मे २०२५ रोजी खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या १४८ व्या तुकडीचे दीक्षांत संचलन आम्ही सहकुटुंब पाहिले. एका आप्ताचे चिरंजीव त्या तुकडीत होते, म्हणून निमंत्रण लाभले. डहाणूहून आम्ही व सौ., तळासरीहून कन्या आणि नववी संपविलेली नात, असे चौघे गेलो. मैदानास अरुण खेत्रपालांचे नाव आहे. १९७१ च्या युद्धात एकविसाव्या वर्षी धारातीर्थी पडलेले हे परमवीर याच प्रबोधिनीचे छात्र.

आमचा जन्म मुलांना रांगेत उभे करण्यात गेला. चाळीस मुलांचा डावा पाय एकदम उचलवून घेणे किती कठीण, हे आम्ही जाणतो. तेथे शेकडो पावलांचा एकच आवाज येत होता. 'तेज चल' पाहून लोक टाळ्या वाजवितात. पण खरी कसोटी 'धीरे चल'ची. संथ चालीत तोल आणि चूक दोन्ही लपत नाहीत. आम्हांस मात्र आपल्याकडचा तारपा आठवला. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी जगभर नेलेल्या चित्रांतला तोच नाच. तेथे हुकूम कोणी देत नाही, तरी गुंफलेल्या हातांची ती रांग पाऊल चुकत नाही. शिस्त केवळ छावणीतच उपजते असे नव्हे.

त्या दिवशी प्रबोधिनीतून प्रथमच मुली उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली त्यांना परीक्षेस बसू दिले. २०२२ साली दाखल झालेल्यांपैकी १७ जणी तीनशेहून अधिक मुलांच्या बरोबरीने चालल्या. नात त्यांना शोधीत होती. गणवेश सारखा, पाऊल सारखे; तिला त्या लवकर सापडेनात. तिची आई हळूच म्हणाली, "बाबा, हिच्या डोक्यात काही भरवू नका हं."

कन्येस आम्ही दोष देत नाही. एकुलती एक मुलगी सीमेवर जाईल, लग्नाचे काय, ही भीती खोटी नाही. परंतु आपल्या गुणगौरव समारंभात पहिली बक्षिसे मुलीच नेतात आणि दहावीनंतर त्यांतल्या कितीतरी गणित सोडून देतात, हे आम्हांस खटकते. लोकसेवा आयोगाची ही परीक्षा वर्षातून दोनदा होते. लेखी ९०० गुणांपैकी ३०० गणिताचे. भूदलासाठी बारावीची कोणतीही शाखा चालते. तरी गणिताच्या प्रश्नपत्रिकेतून सुटका नाही. म्हणजे अर्ज बारावीला भरावयाचा असला, तरी निर्णय दहावीलाच होऊन जातो. प्रबोधिनीतील शिक्षणाचा खर्च शासन करते. तेव्हा खर्चाची सबब पुढे करण्याचे कारण नाही.

नात आता दहावीत आहे. रविवारी तळासरीहून येताना गणिताची वही घेऊन येते. कन्या अजून होय म्हणालेली नाही. वही मात्र तीच पिशवीत घालून देते.