भेग कोठून सुरू होते?
(कलशारोहणाच्या दिवशी सभामंडपात केलेले भाषण)



जीर्णोद्धार समितीने मला दोन शब्द बोलावयास सांगितले. माझे आयुष्य सिमेंट-काँक्रीटच्या कामात गेले, तेव्हा बोलणार तेच. गेले काही महिने पारावर एक प्रश्न वारंवार निघतो : वाळू धुण्यात इतके दिवस का घालविले? शिखराला झटपट सिमेंटचा गिलावा न करता चुना मळत का बसले? पैसा आपणा सर्वांचा आहे. प्रश्न रास्तच आहे.

गुळाच्या पाकातला शेंगदाण्याचा लाडू डोळ्यांपुढे आणा. तो फुटतो तेव्हा दाणा क्वचितच फुटतो; पाक दाण्यापासून सुटतो. काँक्रीटचे असेच आहे. खडी हा दाणा, सिमेंट हा पाक. प्रत्येक खड्याला लागून सिमेंटचा केसाहूनही पातळ असा एक थर असतो, आणि नेमका तोच सच्छिद्र व दुबळा असतो. काँक्रीट ओतल्यावर त्यातले पाणी वर येऊ पाहते. ते खडीच्या पोटाखाली अडकते आणि सुकल्यावर तेथे पोकळी राहते. खडी जितकी मोठी, तितके हे अधिक. शिवाय सिमेंट वाळताना आकसते, खडी आकसत नाही. या ओढाताणीत, वर काडीचेही वजन नसताना, आत बारीक फटी पडलेल्या असतात.

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी काँक्रीटचे काप सूक्ष्मदर्शकाखाली व क्ष-किरणांनी तपासून १९६३ साली हे प्रसिद्ध केले. काँक्रीट ज्या भाराला मोडते त्याच्या सुमारे ३० टक्के भार आला की खडीलगतच्या फटी वाढू लागतात. ७० ते ९० टक्क्यांच्या दरम्यान त्या मधल्या मसाल्यातून वाट काढून एकमेकींना मिळतात. आपल्याला भेग दिसते ती त्यानंतर.

आता वाळूचे. ओढ्याच्या वाळूला माती चिकटलेली असते. मग सिमेंट मातीला धरते, दाण्याला नाही. म्हणून ती धुतली. कालवताना बादलीभर जादा पाणी ओतले की फावडे हलके चालते खरे, पण तेच पाणी पुढे पोकळ्या करते. आमच्या गवंड्यांना यावरून मी बराच त्रास दिला. त्यांनी तो हसत सोसला.

शिखराची गोष्ट निराळी, पण मूळ तेच. जुना दगड आणि वरचा गिलावा यांचा सांधा हीच तेथली दुबळी जागा. सिमेंटचा गिलावा कडक. उन्हाने दगड हलतो, मागे ओल कोंडते, आणि काही वर्षांनी पापुद्रे सुटतात. चुना मऊ असतो, थोडी हालचाल सोसतो, ओल बाहेर जाऊ देतो. पावसाच्या पाण्यात थोडा चुना विरघळून बारीक फटीत पुन्हा बसतो व ती बुजते. मोठी भेग मात्र अशी बुजत नाही, आणि चुन्याला वेळ लागतो, हे मान्य केले पाहिजे.

या मंडपाच्या स्लॅबला ईशान्य कोपऱ्यात केसासारख्या दोन रेषा आहेत. त्यांच्या टोकांशी पेन्सिलीने खूण करून तारीख घातली आहे. दिवाळीनंतर रेषा खुणेपलीकडे गेली का ते पाहू. गेली, तर तो कोपरा तपासून घ्यावा लागेल. तोवर कोणी हौसेने त्यावर रंग अगर सिमेंट फासू नये.