सत्तावीस रुपयांचा फरक

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात झालेल्या विद्यार्थी गुणगौरव समारंभातील भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना थोडे नीटनेटके केले आहे.)



सेक्रेटरींनी मला दहा मिनिटं दिली आहेत. अडतीस वर्षं बँकेत काढलेला माणूस आहे, तेव्हा दिलेल्या मर्यादेच्या बाहेर सहसा जाणार नाही. गेलोच तर व्याज लावा.

बक्षिसांसाठी तुम्ही जे फॉर्म भरून दिलेत, ते नावं वाचायची म्हणून माझ्याकडे आले होते. त्यात शेवटी एक रकाना होता, ‘छंद व इतर उपक्रम’. मी सगळे फॉर्म दोनदा वाचले. दहावीच्या बहुतेक मुलांनी त्या रकान्यात जे लिहिलं होतं, ते सगळं भूतकाळातलं होतं. तबला, सातवीपर्यंत. कथ्थक, आठवीपर्यंत. स्काउट, आठवी. एकाने तर सरळ लिहिलं, ‘सध्या काही नाही’. वय वर्षं पंधरा, आणि हा रकाना एखाद्या निवृत्त माणसाच्या अर्जासारखा!

याबद्दल तक्रार करायचा हक्क मला नाही. का नाही, तेच सांगायला उभा आहे.

आपली सोसायटी २००० साली रजिस्टर झाली. बी विंगच्या जिन्याखाली एक खोली आहे. आज तिथे मोडक्या खुर्च्या, गणपतीच्या मखराचे बांबू आणि रंगाचे रिकामे डबे आहेत. नवीन सभासदांना ती अडगळीची खोली म्हणूनच माहीत आहे. पण २००३ ते २००६ अशी तीन वर्षं त्या खोलीत आठवी ते दहावीच्या मुलांचं मंडळ चालत होतं. अकरा मुलं, त्यात चार मुली. महिन्याला पाच रुपये वर्गणी. घरोघरी फिरून जमवलेल्या पुस्तकांची लायब्ररी, नोटीस बोर्डाशेजारी दर पंधरवड्याला भित्तिपत्रक आणि दिवाळीला एक हस्तलिखित. बिस्किटांचा पत्र्याचा डबा ही त्यांची तिजोरी. आमचा मुलगा तेव्हा नववीत होता आणि मंडळाचा खजिनदार होता. मी सोसायटीचा खजिनदार. घरात दोन खजिनदार आणि हिशेब मात्र सौभाग्यवतींच्या हातात, ही गोष्ट वेगळी.

एके दिवशी मुलांचा हिशेब जुळेना. वहीप्रमाणे जेवढे असायला हवेत, त्यापेक्षा डब्यात सत्तावीस रुपये कमी निघाले. रक्कम ती काय! पण बातमी मोठ्यांपर्यंत पोचली आणि आपल्याकडे जे होतं ते झालं. खोलीची किल्ली आपल्या त्या वेळच्या वॉचमनच्या मुलाकडे असायची. तो महापालिकेच्या शाळेत आठवीत होता, मंडळाचा सभासद होता, वर्गणी इतरांइतकीच भरायचा. कुणी उघड बोललं नाही, पण कमिटीच्या बैठकीत ‘किल्ली कुणाकडे असते?’ हा प्रश्न तीन वेळा विचारला गेला. त्यातला एकदा मी विचारला.

मुलांनी मात्र किल्लीची चौकशी केली नाही. ती पावत्या काढून बसली. दोन संध्याकाळी गेल्या, सापडेना. तिसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आलो तर मुलगा जेवायलाही येईना. तेव्हा मी त्याला बँकेतली एक जुनी युक्ती सांगितली. फरकाला नऊने भाग जातो का बघ. जात असेल, तर कुठेतरी दोन आकडे उलटे लिहिले गेले असण्याची शक्यता आहे. सत्तावीसला नऊने भाग जातो. अर्ध्या तासात चूक सापडली. पुठ्ठा आणि डिंकाची पावती ८५ रुपयांची होती, वहीत खर्च ५८ लिहिला होता. लिहिणारा आमचाच चिरंजीव.

पुढचं महत्त्वाचं आहे. त्यांची सेक्रेटरी दहावीतली मुलगी होती. तिने मंडळाच्या वहीत त्या दिवशी लिहिलं: ‘फरक सापडला. चूक आमच्या लिहिण्यातली. ज्याच्यावर संशय घेतला गेला त्याची सर्वांसमोर माफी मागण्यात आली.’ ती वही अजून माझ्याकडे आहे. आमच्या कमिटीच्या प्रोसिडिंग बुकात मात्र तसली ओळ आली नाही. यायला हवी होती. आज एकवीस वर्षांनी मी ती माझ्यापुरती इथे तोंडी नोंदवतो.

आता दुसरी कबुली. चिरंजीवांची नववीची परीक्षा संपली त्या दिवशी मी त्याच्याकडून हिशेबाची वही काढून घेतली. ‘आता बास, दहावी आहे.’ त्याने वाद घातला नाही, वही दिली. सोसायटीचा खजिनदारच मुलाला घरी बसवतो म्हटल्यावर आणखी तीन घरांनी तेच केलं. आठवीच्या मुलांना चार्ज द्यायला कुणी उरलंच नाही. सुट्टी संपेपर्यंत मंडळ बंद. मुलाला दहावीला चांगले मार्क पडले, पुढे शिकला, आज बंगळुरूला नोकरी करतो, सुखात आहे. म्हणजे माझ्या निर्णयाने त्याचं वाटोळं झालं असं काही नाही. पण मंडळ चालू राहिलं असतं तर दोन-चार मार्क कमी पडले असते, असंही मला आज छातीठोकपणे सांगता येत नाही. मी हिशेब न करताच खातं बंद केलं. गेल्या दिवाळीत तो आला होता. जिना उतरताना थांबला आणि म्हणाला, “बाबा, ती पुस्तकं कुठे गेली हो?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तुम्ही म्हणाल, काका, आता मुलांसाठी केवढं तरी आहे! आहे ना. गिटार आहे, स्विमिंग आहे, रोबोटिक्स आहे, अबॅकस आहे. ते सगळं चांगलं आहे, आणि कला शिकायची तर गुरू हवाच. पण क्लास आणि मंडळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्लासमध्ये मूल ग्राहक असतं. फी आपण भरतो, वेळ क्लासवाले ठरवतात, आवडलं नाही तर दुसरा क्लास. मंडळात मूल सभासद असतं. तिथे त्याला दुसऱ्याचं ऐकावं लागतं, मतदानात हरावं लागतं, पैशाचा हिशेब द्यावा लागतो आणि चुकलं तर सगळ्यांसमोर उभं राहून सांगावं लागतं. हे शिकवणारा क्लास निघालेला मी तरी पाहिला नाही.

ही कल्पना काही माझी नाही. बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर मुलांचं पहिलं शिबिर घेतलं, तेव्हा मुलांचे छोटे गट केले आणि प्रत्येक गटाचा प्रमुख त्यांच्यातलाच एक मुलगा नेमला. सगळी स्काउट चळवळ त्या छोट्या गटावर उभी आहे. आपल्यापैकी ज्यांनी शाळेत ‘खरी कमाई’ केली असेल, त्यांना शेजाऱ्यांची सायकल पुसून मिळवलेले चार आणे अजून आठवत असतील. एन.सी.सी. १९४८ साली सुरू झाली. शाळेतल्या ज्युनिअर विभागातही परेडला हुकूम द्यायला छोटे कॅडेट पुढे येतातच.

आणि एक उदाहरण माझ्या धंद्यातलं. सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी सातारा जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी कॅशिअर होतो. तिथल्या हायस्कुलात संचयिका चालायची. ज्येष्ठांना आठवत असेल, ती विद्यार्थ्यांची बचत बँक. मुलंच मॅनेजर, मुलंच कॅशिअर. जमलेली रक्कम दर शनिवारी आमच्या शाखेत भरायला नववीतला एक मुलगा यायचा. बरोबर गुरुजी असायचे, पण ते बाहेर बाकावर बसून राहायचे. स्लिप तो भरायचा, चिल्लर तो मोजायचा, आणि मी मोजत असताना माझ्या बोटांकडे टक लावून बघायचा. एकदा मी एक नाणं कमी मोजलं. त्याने काउंटरवरून शांतपणे सांगितलं, “साहेब, पुन्हा मोजा.” मी पुन्हा मोजलं. त्याचं बरोबर होतं. बाहेर बाकावर बसून राहणं हे त्या गुरुजींचं खरं शिकवणं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

रिझर्व्ह बँकेने २०१४ साली दहा वर्षांवरच्या मुलांना बचत खातं स्वतः चालवायची मुभा दिली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही अभ्यास आणि अभ्यासेतर उपक्रम यांच्यात पक्की भिंत नको, असं म्हटलं. म्हणजे बँकेचा मुलांवर विश्वास आहे, सरकारचा आहे. आपला जिन्याखालच्या एका खोलीपुरता असायला काय हरकत आहे?

यात आपल्या सोसायटीचा स्वार्थही आहे. दर वर्षी वार्षिक सर्वसाधारण सभेत आपण काय बघतो? गणसंख्येसाठी अर्धा तास थांबणं, एकाच वेळी चौघांनी बोलणं, आणि कमिटीच्या निवडणुकीत ‘तुम्हीच राहा हो या वेळी’. एवढे शिकलेले लोक आपण, इतिवृत्त लिहायचं म्हटलं की खिशात पेन नसतं. सभा चालवायची कशी, ठराव मांडायचा कसा, न पटलेलं न भांडता सांगायचं कसं, हे आपण कधी शिकलोच नाही. चौदाव्या वर्षी शिकलो असतो तर चाळिसाव्या वर्षी जड गेलं नसतं. मघाशी सांगितलेली ती सेक्रेटरी मुलगी आज आपल्या व्यवस्थापक समितीत आहे. नाव घेत नाही, ती समोर बसून मला डोळ्यांनी दटावते आहे.

आता मुद्द्यावर येतो. येत्या सभेपुढे ती खोली दुरुस्त करून एका कोचिंग क्लासला भाड्याने द्यायचा प्रस्ताव आहे. कमिटीची अडचण मला समजते. लिफ्टचं काम उभं आहे, मेंटेनन्स वाढवला की सगळे ओरडतात, भाडं आलं तर भार हलका होईल. मी खजिनदार असतो तर कदाचित मीही हेच सुचवलं असतं. तरीसुद्धा मी त्या सभेत दुरुस्ती सुचवणार आहे. एक वर्षासाठी ती खोली आठवी ते दहावीच्या मुलांना द्यावी. वर्षाअखेर हिशेब बघा, नाही पटलं तर भाड्याने द्या, मी हात वर करून पाठिंबा देईन. रंगाचा आणि दोन ट्यूबलाइटचा खर्च माझ्या पेन्शनमधून.

पालकांना काळजी वाटणार, तेव्हा व्यवस्थाही सांगतो. वेळ शनिवारी संध्याकाळी सहा ते आठ. दार उघडं. रोज एक पालक आळीपाळीने बाहेर बाकावर, त्या गुरुजींसारखा. विचारल्याशिवाय बोलायचं नाही. वॉचमनच्या आणि घरकाम करणाऱ्या मावशींच्या मुलांनाही सभासदत्व, वर्गणी सगळ्यांना सारखी. पदाधिकारी सहा महिन्यांनी गुप्त मतदानाने. हिशेबाची वही नोटीस बोर्डाखाली, कुणीही बघावी. काय करायचं ते मुलं ठरवतील. लायब्ररी करोत, विज्ञानाचे प्रयोग करोत, गच्चीवर आकाशदर्शन करोत, नाहीतर ओल्या कचऱ्याचं खत करोत. आणि दहावीच्या मुलांनी मंडळ सोडायचं नाही. जबाबदारी कमी करायची, आठवीच्या मुलांना चार्ज द्यायचा, पण शनिवारी यायचं. आठवड्याचे तास १६८. मी त्यातले दोन मागतो आहे.

मुलांनो, तुम्हाला एकच सांगतो. खोली मिळाली तर पहिल्या महिन्यात तुमचं भांडण होईल, दुसऱ्या महिन्यात हिशेब चुकेल. घाबरू नका आणि आमच्याकडे पळत येऊ नका. आधी पावत्या काढून बसा. फरकाला नऊने भाग जातो का बघा. आणि तोपर्यंत किल्ली कुणाकडे होती, हे विचारू नका.

ती जुनी वही मी आज बरोबर आणली आहे. तिची शेवटची पंधरा पानं कोरी आहेत. खोली मिळाली तर तुमच्या पहिल्या सेक्रेटरीच्या हातात देईन.

दहा मिनिटांची पंधरा झाली. व्याज कापून घ्या.