निळी जीभ: गाय सुटते, मेंढी का मरते?

आजचा एपिसोड मेंढ्यांवर आहे. हो, मेंढ्यांवरच. लगेच स्किप करू नका.

ब्लूटंग, म्हणजे नीलजिव्हा. मेंढीला ताप येतो, नाकातोंडातून गळायला लागतं, ओठ सुजतात, खुरांपाशी दुखतं म्हणून ती लंगडते. काहींची जीभ खरंच निळी पडते, मग चारा खाणार कसा? भारतात या रोगाची पहिली नोंद १९६४ साली झाली, आणि तीही आपल्या महाराष्ट्रात. ज्याची सगळी पुंजी चार पायांवर चालते त्या मेंढपाळाचं काय होत असेल, विचार करा.

एका मेंढीचा हा रोग दुसरीला शिंकेतून लागत नाही. मध्ये लागतं क्युलिकॉइड्स नावाचं चिलट, एक ते तीन मिलिमीटरचं. ओल, चिखल, शेण असलं की त्याची चैन! हे चिलटच रोग पसरवतं, हे दक्षिण आफ्रिकेत डु टॉइट यांनी १९४४ साली दाखवलं.

आता मला खरी भारी वाटलेली गोष्ट. तोच व्हायरस गाईलाही होतो, पण बहुतेक वेळा ती मजेत रवंथ करत असते. आपल्याकडे नाही का, एकच कोड एका मशीनवर नीट चालतो आणि दुसऱ्यावर धाडकन क्रॅश? तसंच.

व्हायरस चावल्या जागेहून जवळच्या लसिकाग्रंथीत जातो, तिथून रक्तात, आणि बारीक रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात घुसतो. अस्तर फाटलं की वाहिन्या पाझरतात. म्हणून सूज, म्हणून फुप्फुसात पाणी. वर रक्ताच्या बारीक गुठळ्या होतात, ऊतींना ऑक्सिजन पोचत नाही. जीभ निळी पडते ती त्यामुळे. कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या संशोधकांनी गाय आणि मेंढी शेजारी ठेवून तपासलं. गुठळी घडवणारं थ्रॉम्बोक्सेन आणि ती रोखणारं प्रोस्टासायक्लिन, या दोघांचा तोल मेंढीत गुठळीकडे जास्त झुकलेला निघाला. सगळं उत्तर यात नाही, पण धागा पक्का आहे.

दुसरा धागा ग्लासगोचा, २०१६ चा. लसिकाग्रंथीत काही पेशी शत्रूचे तुकडे धरून बी-पेशींना दाखवतात, मग नेमक्या अँटीबॉडी तयार होतात. व्हायरस नेमक्या याच पेशी मोडतो! अँटीबॉडी उशिरा येतात. एवढंच नाही, त्याच वेळी दुसरा परका पदार्थ टोचला तर त्यालाही मेंढीचं शरीर नीट उत्तर देत नाही. म्हणजे चोर आधी सीसीटीव्ही फोडतो, मग घर लुटतो.

लस आहे. भारतात पाच प्रकारांवर चालणारी आहे. पण व्हायरसचे प्रकार चोवीसहून जास्त, आणि एकाची लस दुसऱ्यावर फारशी चालत नाही. २०२३ च्या सप्टेंबरात नेदरलँड्समध्ये प्रकार ३ उगवला तेव्हा तिथे त्यावर लसच नव्हती. ती मिळाली २०२४ मध्ये. तोवर तिथल्या मेंढ्या मरत होत्या.