शहर बदलताना कागदावर मांडायचा हिशेब

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सकाळी नाव नोंदवताना एका मुलीने मला विचारलं, "सर, पुण्यात तीस हजार मिळतायत, लातूरला अठरा. जाऊ ना?" मी म्हटलं, दुपारी बोलतो. कारण या प्रश्नाचं उत्तर तीसातून अठरा वजा करून मिळत नाही. आणि आपल्या समाजातल्या मुलामुलींसाठी तर या वजाबाकीत दोन-तीन रकाने जास्तीचे असतात. ते इंटरनेटवरच्या कुठल्याही 'कॉस्ट ऑफ लिव्हिंग'च्या तक्त्यात दिसत नाहीत.

आधी साधा हिशेब. आकडे मी समजुतीसाठी घेतलेत, तुम्ही तुमचे घाला. लातूरला पगार 18,000. घर आपलंच. घरात 6,000 द्यायचे, पेट्रोलला 1,500, स्वतःला 2,500. उरले 8,000. आता पुणे. पगार 30,000. तिघांनी मिळून वन बीएचके घेतला, भाडं 18,000, म्हणजे वाट्याला 6,000. मेसचे 3,500, चहा-नाश्ता 1,500, वीज-गॅस-इंटरनेट 1,000, प्रवास 2,000, मोबाईल-कपडे-औषधं 2,500 आणि महिन्यातून एकदा गावी जायचं म्हणून 1,500. झाले 18,000. उरले 12,000. म्हणजे पगार वाढला 12,000 ने आणि हातात शिल्लक वाढली 4,000 ने. तरी यात घरी पाठवायचे पैसे धरलेले नाहीत. लातूरला असताना घरात सहा हजार देत होता, पुण्याला गेल्यावर अम्मीच्या हातात काही द्यायचंच नाही असं होणार आहे का? तेवढेच पाठवायचे ठरवले तर शिल्लक 6,000, लातूरपेक्षाही कमी. बहुतेक जण हा रकाना विसरतात आणि मग तिसऱ्या महिन्यापासून मित्राकडे उसने मागायला लागतात.

पुढे डिपॉझिट. समजा तीन महिन्यांचं भाडं, म्हणजे 54,000. एजंटचं एक महिन्याचं भाडं 18,000. एकूण 72,000, प्रत्येकी 24,000. ते पहिल्याच दिवशी लागतात. महिन्याला चार हजारांचा फायदा धरला तर सहा महिन्यांचा फायदा दारातच ठेवून आत जायचं. त्यातले 18,000 कधीतरी परत येतील, एजंटचे येणार नाहीत. अकरा महिन्यांनी घर बदलावं लागलं की एजंट पुन्हा उभा.

डिपॉझिट परत मिळतं, मग तो खर्च कसा, असं बरेच जण म्हणतात. गंमत अशी की सरकार त्याला खर्च मानतं. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करारावर 0.25 टक्के मुद्रांक शुल्क लागतं. ते काढताना भाड्याच्या रकमेत, परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के व्याज धरून मिळवलं जातं. तुम्हीही तसंच धरा. बंगळुरूमध्ये दहा-दहा महिन्यांचं भाडं डिपॉझिट म्हणून घेण्याची जुनी पद्धत आहे. 18,000 भाड्याच्या घराला 1,80,000 अडकले, तर वर्षाला 18,000, महिन्याला 1,500 गेले. म्हणजे ते घर 19,500 चं झालं. 2021 च्या केंद्राच्या नमुना भाडेकरू कायद्यात राहत्या घराला दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट नको असं म्हटलंय खरं, पण तो नमुना आहे. राज्याने स्वीकारला तरच लागू.

इथे एक गोष्ट आपल्यातल्यांना सांगायला हवी. मुंबई, मुंब्रा, भिवंडी या बाजूला 'हेवी डिपॉझिट'चा प्रकार चालतो. पाच-सहा लाख एकदम द्यायचे आणि भाडं नाही किंवा नाममात्र. सूद नको म्हणून बँकेच्या दारात न जाणारी आपली कितीतरी कुटुंबं हा मार्ग धरतात. अहो, त्या पाच लाखांच्या वापराच्या बदल्यातच घरमालक तुम्हाला राहायला देतोय. हे व्याज नाही तर काय आहे, यावर ज्याने त्याने विचार करावा, मी फतवा द्यायला उभा नाही. माझी काळजी वेगळी आहे. बऱ्याचदा एवढी रक्कम कागदावर येतच नाही. घर बँकेकडे गहाण असेल, मालकाचे हप्ते थकले, तर तुमचे पाच लाख कुठे शोधणार?

म्हणून कागद. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999, कलम 55. करार लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी केली नाही तर अटींबद्दल वाद झाल्यावर, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. नोंदणीची फी शहरात 1,000 रुपये. एवढे वाचवायला म्हणून लोक पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करतात आणि मग गॅस कनेक्शन नाही, पत्त्याचा पुरावा नाही, मतदार यादीत नाव हलवायचा फॉर्म 8 भरताना जोडायला काही नाही. दहा-दहा वर्षं पुण्यात राहून मत मात्र गावच्या यादीत, असे किती जण इथे बसलेत, हात वर करायला लावत नाही.

सोसायटीत घर घेत असाल तर आणखी एक. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी त्याच्याकडून बिनभोगवटा शुल्क घेते. ते सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. 'सोसायटी जास्त लावते' म्हणून कुणी ते तुमच्या भाड्यात घुसवत असेल तर पावती मागा.

आता शहरांची तुलना. लोक दोन चुका करतात. पहिली, महागाई निर्देशांक बघून शहर महाग की स्वस्त ठरवणं. निर्देशांक सांगतो की त्याच जागी आधारवर्षापेक्षा किंमती किती वाढल्या. प्रत्येक जागेची सुरुवात 100 पासूनच होते. त्यामुळे एखाद्या राज्याचा आकडा मोठा म्हणजे ते राज्य महाग, असं होत नाही. शिवाय 2012 आधारवर्षाच्या मालिकेत शहरी निर्देशांकात घराचा वाटा 21.67 टक्के होता आणि ग्रामीण निर्देशांकात घरभाडं धरलेलंच नव्हतं. तुमच्या पहिल्या पगारात घराचा वाटा किती असतो ते तुम्हीच बघा.

दुसरी चूक, सरकारी वर्गवारीवर विसंबणं. केंद्र सरकारच्या नोकरीत शहरांचे एक्स, वाय, झेड असे तीन वर्ग आहेत. सातव्या वेतन आयोगात महागाई भत्ता 50 टक्क्यांवर गेल्यावर घरभाडे भत्ता अनुक्रमे 30, 20 आणि 10 टक्के झाला. एक्समध्ये आठ शहरं. त्यात मुंबईही आहे आणि पुणेही. म्हणजे दादरला राहणाऱ्यालाही 30 टक्के आणि हडपसरला राहणाऱ्यालाही 30 टक्के. वायमध्ये नागपूर, सोलापूर, मालेगाव एकाच रांगेत. मालेगावला ज्याची बदली झाली तो खुशीत असतो. उलट मुंबईची एक जमेची बाजू भाड्याच्या आकड्यात दिसत नाही, ती म्हणजे लोकलचा पास. काही शे रुपयांत महिनाभर चाळीस-चाळीस किलोमीटर जा-ये होते. पुण्यात तसं नाही. तिथे दुचाकी घ्यावीच लागते, आणि तिचा हप्ता कुणी भाड्याच्या रकान्यात लिहीत नाही.

इथवर मी सांगितलं ते कुणालाही लागू. आता आपला रकाना.

तक्त्यात 'अमुक भागात वन बीएचके 18,000' असं लिहिलेलं असतं. तो भाव ज्याला ते घर मिळतं त्याच्यासाठी आहे. नाव सांगितल्यावर फोनवरचा आवाज बदलतो, 'फॅमिलीला द्यायचंय', 'व्हेजच पाहिजे', 'कालच गेलं', हे तुम्हाला मी सांगायला नको. दिल्ली परिसरात जाहिरातींना वेगवेगळ्या आडनावांनी प्रतिसाद देऊन केलेला एक अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही मुस्लिम नावाला उलटे फोन कमी आले. देशात कुठेही राहण्याचा हक्क संविधानाच्या कलम 19 मध्ये आहे, पण तो सरकारविरुद्ध मागता येतो. खासगी घरमालकाने धर्मामुळे घर नाकारलं तर त्याला थेट पकडणारा स्पष्ट कायदा आपल्याकडे नाही. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या बाबतीत, सदस्यत्व आपल्याच समाजापुरतं ठेवण्याची उपविधी योग्य ठरवली. असा कायदा व्हावा ही मागणी आपण लावून धरलीच पाहिजे. पण घर पुढच्या एक तारखेला हवं असतं.

म्हणून या नकाराला रुपयांत मांडा. घर शोधायला वीस दिवस जास्त लागले आणि लॉजचे रोज 600 धरले, तर 12,000. म्हणजे आपल्या हिशेबातला तीन महिन्यांचा फायदा. शेवटी घर मिळतं ते 'आपल्या' वस्तीत, कंपनीपासून लांब. रोज दोन तास जास्त गेले तर महिन्याच्या 26 दिवसांत 52 तास. तेवढ्यात एखादा कोर्स होतो. आणि वस्तीत भाडं कमी असेलच असंही नाही. जायला दुसरी जागा नसली की मागणी एकाच ठिकाणी गोळा होते आणि मालक भाव वाढवतो. 1992-93 च्या दंगलीनंतर मुंबईतली असंख्य कुटुंबं मुंब्र्याला गेली ती काही तिथे पाणी आणि दवाखाने चांगले होते म्हणून नाही.

तरी दोष सगळा बाहेरच्यांचाच आहे असं मी म्हणणार नाही. एकट्या मुलीला घर नाकारणारे घरमालक आपल्या मोहल्ल्यातही आहेत. 'शौहर कुठे आहे, वालिद येऊन राहतील का' असं विचारतात. दुसऱ्या जमातीचा, दुसऱ्या मसलकचा भाडेकरू नको म्हणणारेही आहेत. आपल्याला कुणी असं म्हटलं की आपण संविधान काढतो.

आणि घरातलं. मुलीला पुण्यात नोकरी लागली की अब्बा वही काढून दाखवतात, 'बेटा, परवडत नाही.' भावाला त्याच पगारावर जाऊ देतात. तेव्हा वही बाजूला ठेवून सरळ विचारा की अडचण पैशाची आहे की आणखी कशाची. पैशाची असेल तर ती सुटते. कॉट बेसिसवर सुरुवात करता येते, नोकरदार महिलांची वसतिगृहं आहेत, महाराष्ट्रात महिन्याला 25,000 पर्यंत पगार असलेल्या बाईला व्यवसाय करही लागत नाही. दुसरी अडचण असेल तर तिच्यावर बोलणं वेगळं करावं लागतं, आणि ते भाड्याच्या आडून होत नाही.

सकाळच्या त्या मुलीला माझं उत्तर असं आहे. जा. पण पहिले तीन महिने कॉटवर राहा, घराचं डिपॉझिट तोवर भरू नकोस. कंपनीच्या तीन किलोमीटरच्या आत आधी दहा फोन कर, नाव पहिल्याच वाक्यात सांग, म्हणजे जाण्या-येण्याचं रिक्षाभाडं तरी वाचेल. नकार आला तर तारीख आणि काय म्हणाले ते लिहून ठेव, पुढे कायद्याची मागणी करताना आपल्याला त्या वह्याच लागणार आहेत. करार नोंदवल्याशिवाय चावी घेऊ नकोस. पोलिसांना मालकाने भाडेकरूची माहिती कळवायची असते, परवानगी मिळवायची नसते, हे कुणी घाबरवलं तर लक्षात ठेव. आणि अम्मीला दरमहा किती पाठवायचे तो आकडा जाण्याआधी दोघींनी बसून ठरवा.

आता चहा आहे. चहानंतर प्रत्येकाने एक कोरा कागद घेऊन यायचं. ज्यांच्या हातात दोन शहरांच्या ऑफर आहेत ते पुढच्या रांगेत बसा, त्यांचे हिशेब आधी करू.