अपंगसेवा केंद्रातील सेवकवर्ग : सन्मान व सहजीवन
(संघाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



आताच आपल्या संघाने शहरातील अपंगसेवा केंद्रातील तीन मदतनीस भगिनींचा व रात्रपाळीच्या एका सेवकाचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. या व्यासपीठावर आजवर गुणवंत विद्यार्थी, बढती मिळालेले अधिकारी आणि पंचाहत्तरी गाठलेले ज्येष्ठ यांचेच सत्कार होत आले. जे आपल्या ज्ञातीचे नाहीत, ज्यांच्या नावापुढे पदवी नाही, अशांना येथे मानाने बोलावण्याचा हा पहिलाच प्रसंग होय. कार्यकारी मंडळाचे त्याबद्दल अभिनंदन केलेच पाहिजे. परंतु आपण नेमका कशाचा सत्कार केला, हे आपणां सर्वांस कळले आहे काय, असा प्रश्न माझ्या मनात उभा राहतो. आणि त्याचेच उत्तर देण्याचा माझा आज यत्न आहे.

रात्रपाळीचा सेवक काय करतो? आपण म्हणाल, राखण करतो. पाठीच्या कण्याला दुखापत होऊन ज्याचे कमरेखालचे अंग बधिर झाले आहे, त्याला एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणारी वेदना कळत नाही. आपण झोपेत नकळत कूस बदलतो. त्याला ते साधत नाही. मग हाडांच्या उंचवट्यांवर दाब पडतो, तेथील रक्तप्रवाह थांबतो, कातडी काळवंडते आणि शय्याव्रण होतो. तो एकदा खोल गेला म्हणजे भरून यावयास महिनोन् महिने लागतात आणि कधी कधी प्राणावर बेतते. यावर उपाय एकच : साधारणपणे दर दोन तासांनी कूस बदलणे, चादरीची सुरकुती काढणे, कातडीवर लाली दिसते काय ते पाहणे. याचा अर्थ असा की, आपण दहा वाजता दिवा मालवून सहा वाजता उठतो, त्या वेळात हा गृहस्थ प्रत्येक खाटेपाशी निदान तीन-चार वेळा जाऊन आलेला असतो. त्याचे यश म्हणजे काहीही न घडणे! न झालेल्या जखमेचा अहवाल कोणी लिहीत नाही आणि तिला स्मृतिचिन्हही मिळत नाही.

भोजनगृहातील भगिनींचे कामही असेच. मेंदूच्या पक्षाघाताने ज्या मुलाच्या मानेवर व जिभेवर त्याचा ताबा नाही, त्याला भरवणे म्हणजे घास तोंडात लोटणे नव्हे. त्याला ताठ बसवावे लागते, हनुवटी किंचित खाली ठेवावी लागते, घास लहान द्यावा लागतो आणि गिळल्याची खात्री झाल्यावाचून दुसरा देता येत नाही. आडवे पाडून घाईने भरवले तर अन्न श्वासनलिकेत जाऊन फुप्फुसाला सूज येते. एका मुलाच्या एका जेवणाला पाऊण तास सहज जातो. मुख्य म्हणजे, या मुलाची भूक, तहान, दुखणे, रुसणे हे सारे त्याच्या डोळ्यांत आणि हुंकारांत वाचावे लागते, आणि ती भाषा त्या बाईला यावयास वर्ष वर्ष लागते. ती बाई नोकरी सोडून गेली की त्या मुलाची भाषाच हरवते. नवी बाई येईपर्यंत आणि ती शिकेपर्यंत मूल वाळते. सेवकवर्ग टिकणे न टिकणे हा अशा केंद्रात केवळ व्यवस्थापनाचा प्रश्न नसतो, तो त्या मुलाच्या अन्नपाण्याचा प्रश्न असतो.

आता सन्मान कसा असावा, याविषयी आपल्याच महाराष्ट्रातील एक उदाहरण घेऊ. बाबा आमटे आणि साधनाताई यांनी १९५१ साली वरोऱ्याजवळील खडकाळ माळावर सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर संसार मांडला, हे आपण शाळेत वाचले आहे. कोणी विचारील, कुष्ठरोगाचा येथे काय संबंध? संबंध असा की, २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने जे एकवीस प्रकार मान्य केले, त्यांत कुष्ठरोगमुक्त व्यक्तींचाही समावेश आहे; शिवाय आनंदवनात पुढे अंधांची व मूकबधिरांची विद्यालये आणि अपंगांना धंदेशिक्षण देणारे संधिनिकेतनही उभे राहिले.

तेथे पहिले मोठे काम निघाले ते विहीर खणण्याचे. ज्यांची बोटे झडली होती त्यांनीच ती खणली. मग भाजी पिकली, पण रोगाच्या भयाने गावकरी ती घेईनात. पुढे परदेशांतील तरुण स्वयंसेवक तेथे येऊन राहिले, जेवले, खपले, आणि ते पाहून लोकांचे भय हळूहळू ओसरले. १९६४ साली आनंदनिकेतन महाविद्यालय सुरू झाले, ते याच हातांच्या श्रमावर. आणि त्यात शिकली ती त्यांच्या भाजीला हात न लावणाऱ्या समाजाची मुले. यापेक्षा मोठे मानपत्र कोणी कोणाला दिले असेल, असे मला वाटत नाही.

या वसाहतीत सेवक कोण आणि सेव्य कोण, ही रेघ पुसट होत गेली. बरा झालेला माणूस नव्या रुग्णाच्या जखमा बांधू लागला; तेथे लग्ने लागली, संसार थाटले गेले, सणवार झाले; मित्रमेळाव्यांना पु. ल. देशपांडे यांच्यासारखे साहित्यिक आवर्जून जात. खुद्द बाबांना पाठीच्या कण्याच्या विकारामुळे बसणे अशक्य झाले होते. एक तर उभे राहायचे नाही तर आडवे व्हायचे, अशा स्थितीत त्यांनी १९८५-८६ साली कन्याकुमारीपासून काश्मीरपर्यंतची भारत जोडो यात्रा केली. म्हणजे आयुष्यभर ज्यांनी इतरांना उचलले, त्यांनाही उचलणारे हात लागलेच. बाबांना १९७१ साली पद्मश्री, १९८५ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि तो सर्वथा योग्यच होता. मात्र संस्थापकाचे नाव पुस्तकात येते, मलमपट्टी करणाऱ्याचे हजेरीपटावरच राहते, ही आपल्याकडील सार्वत्रिक रीत आहे.

असो. आपल्या शहरातील केंद्र काही आनंदवन नव्हे. तेथे पगारी माणसे सकाळी येतात व संध्याकाळी घरी जातात. म्हणूनच त्यांच्या बाबतीत ‘सेवाभाव’ हा शब्द मी जपून वापरतो. ज्याला वेळेवर वेतन द्यावयाचे नसते, त्याच्या सेवाभावाची स्तुती फार केली जाते, असा माझा अनुभव आहे. माझ्या माहितीतील एका भगिनीच्या पेटीत निरनिराळ्या मंडळांनी दिलेल्या चार शाली आहेत. परंतु स्वतःच्या मुलीच्या बाळंतपणाला तिला चार दिवसांची रजा मिळाली नव्हती. आपला संघ केंद्राला दरवर्षी देणगी देतो. त्या देणगीतून फरशी व नामफलक होण्याऐवजी मदतनिसांचा भविष्यनिर्वाह निधी, पगारी रजा आणि रुग्णाला कंबर न मोडता उचलण्याचे शिक्षण यांवर खर्च व्हावा, अशी अट घालण्याचा आपणांस अधिकार आहे. २०१६ च्या कायद्याने ज्यांना अधिक आधाराची गरज आहे अशा दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याची कल्पना मान्य केली आहे, पण ती ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ या शब्दांनी बांधलेली आहे. तेव्हा सर्व काही सरकारवर सोपवून आपण मोकळे होऊ शकत नाही.

आणखी एक गोष्ट थोड्या संकोचाने बोलतो. आपल्या ज्ञातीच्या कुटुंबांतही अशी मुले आहेत. लग्नसमारंभात ती दिसत नाहीत. त्यांच्या भावंडांची स्थळे जुळेपर्यंत त्यांची वाच्यता होत नाही. त्या मुलांना आज जे हात न्हाऊमाखू घालतात, ते आपल्या ज्ञातीचे नाहीत, आणि त्या हातांनी मुलाची ज्ञाती कधी विचारलेली नाही. केंद्राच्या पंगतीत कोण कोणाशेजारी बसते हे ज्यांना पाहावयाचे असेल, त्यांनी एकदा दुपारी बाराच्या सुमारास जाऊन यावे.

माझी सूचना लहान आहे. दिवाळीचे चार दिवस, गौरी-गणपती आणि संक्रांत या दिवशी केंद्रातील सेवकांना आळीपाळीने घरी जाता यावे, म्हणून आपल्या कुटुंबांनी त्या दिवसांची कामे वाटून घ्यावीत. उचलणे, भरवणे ही कामे शिकल्यावाचून कोणी करू नयेत. तेथे उत्साहापेक्षा अडाणीपणाने अधिक अपाय होतो. पण स्वयंपाक, धुणे, झाडलोट, मुलांना वाचून दाखवणे, चाकाची खुर्ची अंगणात फिरवणे एवढे तर आपल्याला येते! तेवढ्याने अनुभवी सेवकांपैकी निम्म्यांना सण घरी करता येईल, असे केंद्राच्या अधीक्षकांनी हिशेब करून मला सांगितले आहे. ज्यांना भरवण्याचे काम शिकावयाचे आहे, त्यांना शिकवण्याचे आज सत्कार झालेल्या भगिनींनीच मान्य केले आहे. त्या वर्गात त्या गुरू व आपण शिष्य असू, आणि गुरुदक्षिणा केंद्राच्या नियमाप्रमाणे रोखीने द्यावी लागेल.

नावनोंदणीची वही मंडपाच्या दाराशी ठेवली आहे. वसुबारसेच्या दिवसापुढे अद्याप एकही नाव नाही. भोजनास जाण्यापूर्वी तेवढे पाहावे, ही विनंती करून मी आपली रजा घेतो.