गाठीला नंबर होता



अमरावतीत रॅलीज प्लॉट नावाची वस्ती आहे. हे रॅली कोण, असं तिथल्या एखाद्या पोराला विचारलं तर तो खांदे उडवील, आणि त्यात त्याचा काही दोष नाही. रॅली ब्रदर्स ही मूळच्या ग्रीक घराण्याची, लंडनहून चालणारी कंपनी. ती वऱ्हाडचा कापूस घेऊन परदेशी धाडायची. तिच्या जोडीला स्वित्झर्लंडचे वोल्कार्ट होते, पुढे जपानी गिऱ्हाईक आलं. अकोला, खामगाव, मूर्तिजापूर, धामणगाव, जिथं रेल्वेचं स्टेशन तिथं जवळच जिनाची, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याची, चिमणी, असा तो काळ. मला आज या जिनप्रेसांच्या फोटोंबद्दल बोलायचं आहे. खरं म्हणजे, नसलेल्या फोटोंबद्दल. आणि त्यासाठी आधी अमेरिकेत जावं लागेल.

दोन महायुद्धांच्या मधल्या वीस वर्षांत अमेरिकेतल्या कारखान्यांचे जेवढे फोटो निघाले, तेवढे त्याआधी क्वचितच निघाले असतील. मार्गारेट बर्क-व्हाइट नावाची तरुण बाई १९२७-२८ च्या सुमारास क्लीव्हलँडच्या ओटिस पोलाद कारखान्यात कॅमेरा घेऊन शिरली. वितळलेल्या पोलादाचा लाल उजेड त्या वेळच्या फिल्मवर नीट उमटतच नसे. मग तिनं मॅग्नेशियमच्या मशाली पेटवून भट्टीचे फोटो काढले. पुढे १९३० साली ‘फॉर्च्यून’ मासिक निघालं, त्यात ती आली. १९३६ च्या ‘लाइफ’च्या पहिल्याच अंकावर तिनं टिपलेलं धरण होतं. हीच बाई १९४६ साली आपल्या देशात आली आणि तिनं चरख्याशेजारी बसलेल्या गांधीजींचा फोटो काढला. आधी सूत कातायला शिका, मग फोटो काढा, असं तिला सांगण्यात आलं होतं! मला ही अट फार आवडते.

तिचे फोटो देखणे आहेत, यात वाद नाही. पण त्यांत यंत्र मोठं आणि माणूस मुंगीएवढा. चार्ल्स शीलर यानं १९२७ मध्ये फोर्डच्या रिव्हर रूज कारखान्याचे फोटो काढले, त्यांत तर माणूस शोधावा लागतो. पैसे कंपनीनं मोजलेले, तेव्हा कंपनीला हवं ते दिसणार. हार्वर्डच्या बिझनेस स्कूलनं १९३० च्या दशकात कंपन्यांकडून असेच दोन हजारांवर फोटो मागवून जमवले, विद्यार्थ्यांना कारखान्यातलं काम आणि माणूस कळावा म्हणून. हेतू चांगला होता, पण कंपनीनं धाडलेल्या फोटोत कंपनीची अडचण कशी येणार?

दुसरी वाट लुईस हाइनची. तो आधी शाळामास्तर. पहिल्या महायुद्धापूर्वी तो सूतगिरण्यांत राबणाऱ्या पोरांचे फोटो काढत हिंडला. दारावर खोटं सांगून आत जायचा, कधी बायबल विकणारा, कधी विमा एजंट. पोराची उंची तो कोटाच्या बटणांवरून मोजायचा आणि खिशातल्या वहीत नाव, वय, मजुरी टिपून घ्यायचा. नंतर १९३०-३१ मध्ये एम्पायर स्टेट इमारत उभी राहताना लोखंडी तुळयांवर चढणाऱ्या कामगारांना त्यानं टिपलं. १९४० साली तो गरिबीत वारला.

आणि कापसाचं? १९३५ पासून अमेरिकी सरकारनंच फोटोग्राफर नेमून गावोगाव धाडले. रॉय स्ट्रायकर हा त्यांचा साहेब. कुठं काय टिपायचं याची यादी तो लिहून द्यायचा आणि नापसंत निगेटिव्हला सरळ भोक पाडायचा. तरी त्या कामामुळे आर्कान्सासमधले कापूस वेचणारे, अलाबामातली कुळं, मिसिसिपीतल्या जिनाबाहेर उभ्या गाड्या, हे सगळं तारीख-ठिकाणासह आज वॉशिंग्टनच्या ग्रंथालयात आहे. ते फोटो बघताना वऱ्हाडी माणसाला परकं वाटत नाही. आपल्या कापसाची भरभराट झाली ती अमेरिकेतल्या यादवीमुळे, १८६१ ते ६५ दरम्यान तिकडचा माल बंद झाल्यामुळे. आणि १९२९ च्या मंदीत भाव पडले ते दोन्हीकडे.

मग आपल्याकडं काय उरलं? माझ्या पाहण्यात आलेले त्या काळातले फोटो बहुतेक एकाच घडणीचे. मध्ये खुर्चीवर शेठजी, बाजूला मुनीम, फिटर, कोपऱ्यात चौकीदार, मागं नवं इंजिन, हार घातलेलं. रेच्यावर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रावर, बसणाऱ्या बाया त्यात नाहीत. आणि जिन चालायचा तो त्यांच्या हातांवर. शेडमध्ये दोन्ही बाजूंना रेच्यांची रांग, प्रत्येक रेच्यापुढं एक बाई. ती सरकीसकट कापूस हातानं सारायची, कातडी रूळ रुई ओढून घ्यायचा, सरकी खाली गळायची. साधारण तिसरा हिस्सा रुई, बाकी सरकी. हवेत रुईची धूळ इतकी की नाकाला पदर. १९११ च्या फॅक्टरी कायद्यानं बायकांची रात्रपाळी बंद केली, पण जिनप्रेसला सूट ठेवली. म्हणजे या बायका रात्रीही रेच्यावर असतात हे सरकारला ठाऊक होतं.

फोटो का निघाले नसावेत, याचं एक कारण मला अगदी साधं वाटतं. शेड अंधारी, हवेत रुई. जिथं विडी-काडी न्यायची बंदी, तिथं मॅग्नेशियम कोण पेटवू देईल? दुसरं कारण म्हणजे पैसे देणाऱ्याला त्या फोटोची गरज नव्हती. आणि आपल्याकडं कुणी हाइन आला नाही.

गंमत बघा, नोंदीची हौस मात्र होती. भारी कापसात हलका मिसळायचा, वजन भरायला पाणी मारायचं, अशा तक्रारी वाढल्या म्हणून १९२५ साली जिनिंग-प्रेसिंगचा कायदा आला. कुणाच्या कापसाची सरकी काढली त्याची वही जिनात ठेवायची. प्रेसमधून निघणाऱ्या प्रत्येक गाठीवर त्या प्रेसची खूण आणि अनुक्रमांक घालायचा. म्हणजे ३९२ पौंडांची गाठ मुंबईच्या गोदामात पोचली तरी ती कुठल्या प्रेसची, हे सांगता येई. ज्याचा कापूस त्याचं नाव वहीत, गाठीचा नंबर तरटावर. रेच्यावरची बाई कुठंच नाही. १९३१ मध्ये शाही मजूर आयोगाचा अहवाल आला, त्याच्या जोडीला मध्यप्रांत-वऱ्हाडच्या साक्षींचा स्वतंत्र खंड आहे. तिथं हे मजूर भेटतात, पण बहुतेक दुसऱ्यांच्या तोंडून.

आता जुन्या जिनांच्या जागी प्लॉट पडलेत, कुठं मंगल कार्यालयं झालीत. पण पेट्यांमध्ये, देव्हाऱ्यामागं फोटो असतील. शेठजींच्या घरात असतील तसे हमालाच्या घरातही एखाद-दुसरा असेल. तुमच्याकडं असला तर फ्रेममधून काढा आणि मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीनं लिहा: कुठला जिन, अंदाजे कुठलं साल, डावीकडून कोण कोण. बॉलपेननं नको, दाब पुढच्या बाजूला उमटतो. आणि लिहिण्याआधी घरातल्या म्हातारीला विचारा. शेठजींचं नाव कुणीही सांगेल. तिला विचारा की त्या वर्षी रेच्यावर कोण कोण बसत होतं, आणि ती जी नावं घेईल तीही तिथंच लिहा, फोटोत नसली तरी.