बंद पेटीतली वीज



या व्याख्यानमालेत इतिहास, साहित्य, अर्थकारण अशा भारदस्त विषयांवर विद्वानांची भाषणे होतात. त्या पंक्तीत ‘हेडफोनच्या घरगुती अ‍ॅम्प्लिफायरचा वीजपुरवठा’ हा विषय घेऊन आम्ही उभे राहिलो, हे पाहून काहींच्या भुवया वर गेल्या असतील. आम्ही कामगार संघटनेत वावरणारी माणसे. वीजशास्त्राची पदवी आमच्यापाशी नाही. जे काही आले ते पुस्तकांतून, जुन्या बाजारातून आणि थोडेफार भाजलेल्या बोटांतून आले. तरीही हाच विषय का निवडला, त्याचे कारण प्रथम सांगितले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात आमच्या एका वायरमनला अपघात झाला. मोटारीचा वेग कमीजास्त करणारी पेटी बंद पडली होती. त्याने मेन स्विच बंद केला, पेटीचे झाकण काढले आणि आत हात घातला. तत्क्षणी शॉक बसून तो मागे फेकला गेला. जीव वाचला, परंतु उजव्या हाताची दोन बोटे पुन्हा कधी नीट मिटली नाहीत. चौकशीत व्यवस्थापनाने एकच मुद्दा मांडला. मेन बंद असता तर शॉक बसलाच नसता. ज्या अर्थी शॉक बसला, त्या अर्थी मेन चालू होता. सबब निष्काळजीपणा कामगाराचा. त्याची बाजू मांडण्यासाठी आम्ही तेथे बसलो होतो. आमच्याजवळ उत्तर नव्हते. तर्क बिनतोड वाटत होता, आणि तो साफ चुकीचा होता.

चुकीचा कसा, हे कळावयास आम्हांला सहा महिने लागले. मग संघटनेच्या कचेरीत रविवारी सकाळी एक अभ्यासवर्ग सुरू केला. पाचसहा वायरमन, दोन जोडारी, एक शिकाऊ मुलगा आणि आम्ही. नुसते फळ्यावर शिकून वीज समजत नाही. हाताने काहीतरी बांधावयास हवे होते. ते लहान हवे, स्वस्त हवे आणि त्यात कारखान्यातल्या त्या पेटीचे सगळे तत्त्व उतरलेले हवे. शिवाय आम्ही दोन खोल्यांत राहणारे. रात्री जुनी गाणी ऐकावीत तर घरातली माणसे जागी होतात. तेव्हा हेडफोनसाठी निर्वात नळ्यांचा, म्हणजे व्हॉल्व्हचा, अ‍ॅम्प्लिफायर बांधण्याचे ठरले.

व्हॉल्व्ह म्हणजे जुन्या रेडिओत लालसर उजेड देणारी काचेची नळी. इंग्लंडात फ्लेमिंग यांनी 1904 साली पहिली दोन टोकांची नळी केली; तिच्यातून वीज एकाच दिशेने जाई. दोन वर्षांनी अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी तीत तिसरे टोक, म्हणजे ग्रिड, घातले आणि दुबळा आवाज सबळ करण्याची सोय झाली. 1947 च्या अखेरीस ट्रान्झिस्टर निघाला आणि हळूहळू या नळ्या मागे पडल्या. तरी हौशी मंडळी आजही त्यांचे अ‍ॅम्प्लिफायर बांधतात. बांधणारा सहसा नळ्यांचीच वर्णने करतो, कारण त्या दिसतात आणि उजळतात. त्यांना वीज पुरविणारा भाग लोखंडी पेटीत झाकलेला असतो. आमचा अनुभव असा, की अ‍ॅम्प्लिफायर चांगला की वाईट, आणि बांधणारा जिवंत राहतो की नाही, या दोन्ही गोष्टी त्या झाकलेल्या भागावर ठरतात.

आता तो भाग उघडून पाहू.

नळीला दोन प्रकारची वीज लागते. आमच्या अ‍ॅम्प्लिफायरात ईसीसी 82 जातीच्या तीन नळ्या आहेत. प्रत्येकीचा हीटर तापविण्यास 6.3 व्होल्ट दाबाने 0.3 अँपिअर, म्हणजे तिघींना मिळून 0.9 अँपिअर प्रवाह पाहिजे. हा दाब बोट लावले तरी काही करीत नाही. दुसरी वीज मात्र उच्च दाबाची: दोनअडीचशे व्होल्ट, प्रवाह अवघा 40 मिलिअँपिअर, पण तो एकाच दिशेचा आणि अगदी संथ हवा.

घरातली वीज 230 व्होल्टांची, दर सेकंदाला पन्नास वेळा मागेपुढे हेलकावणारी. तिच्यात आणि आपल्यात पहिली भिंत ट्रान्सफॉर्मरची. जुन्या काळी काही स्वस्त रेडिओ ट्रान्सफॉर्मर न घालता थेट मेनवर चालवीत, आणि त्यांच्या सांगाड्यातच वीज असे. जे यंत्र डोक्याला बांधावयाचे त्यात ही काटकसर कदापि करू नये. ट्रान्सफॉर्मर घ्यावा, फेजच्या तारेत फ्यूज घालावा आणि प्लगाची तिसरी पिन लोखंडी पेटीला पक्की जोडावी.

आमच्या ट्रान्सफॉर्मरमधून 200 व्होल्ट निघतात. चार डायोडांचा चौकोन, ज्याला ब्रिज म्हणतात, त्या हेलकाव्याची उलटी बाजू सुलटी करून देतो. फ्लेमिंगच्या नळीचेच हे काम. आम्ही त्यासाठी 1एन4007 हे बाजारात कुठेही मिळणारे सिलिकॉनचे डायोड वापरले. त्यांच्यापुढे कंडेन्सर, ज्याला आजची मुले कपॅसिटर म्हणतात. तो लाटेच्या शिखरापर्यंत भरतो. शिखर या सांगितल्या जाणाऱ्या आकड्याच्या 1.414 पट उंच असते. म्हणून 200 व्होल्टांचे सुमारे 283 व्होल्ट होतात. चालू करताच नळ्या थंड असतात, त्या प्रवाह ओढीत नाहीत; अशा वेळी आणि मेनचा दाब चढलेला असेल तेव्हा हा आकडा तीनशेच्याही वर जातो. यास्तव कंडेन्सर 450 व्होल्टांचेच घ्यावेत. आमच्यातल्या एकाने पैसे वाचविण्यासाठी 250 व्होल्टांचा लावला होता. तो फुटला तेव्हा सगळा वर्ग टेबलाखाली होता.

कंडेन्सरचे काम गावाच्या पाण्याच्या टाकीसारखे समजावे. नळाला पाणी ठराविक वेळीच येते. टाकी ते साठवून दिवसभर पुरविते. येथे सेकंदाला शंभर वेळा पाणी येते, कारण उलट्या लाटाही सुलट्या झालेल्या. दोन लाटांमध्ये टाकीची पातळी थोडी खाली जाते. 47 मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरमधून 40 मिलिअँपिअर ओढले तर पातळी सुमारे साडेआठ व्होल्टांनी खालीवर होते. खोलीतल्या कर्ण्याला वॅट लागतात, हेडफोनला एक मिलिवॅटही पुष्कळ होतो, आणि तो तर थेट कानावर. साडेआठ व्होल्टांची ही लाट हेडफोनमध्ये भुंग्यासारखी घुमते. गाणे तिच्याखाली दबून जाते.

म्हणून पुढे चोक घालावयाचा. चोक म्हणजे लोखंडावर गुंडाळलेले तांब्याचे वेटोळे. त्याला प्रवाहातला अचानक बदल आवडत नाही. 10 हेन्रीचा चोक आणि त्यापुढे दुसरा 47 मायक्रोफॅरडचा कंडेन्सर, एवढ्याने ती लाट जवळजवळ 185 पट कमी होते. साडेआठ व्होल्टांचे राहिले सुमारे 46 मिलिव्होल्ट. त्यापुढे 1000 ओहमचा रेझिस्टर आणि 100 मायक्रोफॅरडचा तिसरा कंडेन्सर लावला की ती आणखी साठएक पट उतरते, आणि एका मिलिव्होल्टच्या आत येते. या सुखासाठी रेझिस्टरमध्ये 40 व्होल्ट खर्ची पडतात आणि दीड वॅटहून अधिक उष्णता होते. म्हणून तो 5 वॅटांचा घ्यावा आणि कंडेन्सरला चिकटवून बसवू नये.

इतके करूनही आमच्या पहिल्या पेटीत हमिंग राहिलेच. तेव्हा कानाने बिघाड ओळखावयास शिकलो. शंभराची घूं असेल, म्हणजे पेटीवरच्या पांढरी पाचच्या आसपासचा खालच्या सप्तकातला सूर, तर दोष बहुधा टाक्यांत. त्याच सुराचा आणखी एक सप्तक खालचा खर्ज ऐकू आला तर तो पन्नासाचा. मेनची वीज कुठून तरी सरळ शिरते आहे. आमचा खर्ज होता. हीटरच्या तारा सरळ नेल्या होत्या, त्या एकमेकींना पीळ देऊन सांगाड्याच्या कडेने नेल्या आणि दोन्ही तारांपासून जमिनीकडे शंभर-शंभर ओहमचे रेझिस्टर लावले. निम्मा खर्ज गेला. उरलेला चोकमुळे होता. ट्रान्सफॉर्मरचे चुंबकत्व चोकमध्ये उतरत होते. त्याला जुन्या रेडिओ-कारागिरांची युक्ती आहे. चोक सगळ्या जोडण्यांतून मोकळा करावा, त्याच्या दोन टोकांना हेडफोन लावावा, ट्रान्सफॉर्मरची दुसरी बाजू नीट झाकून फक्त पहिल्या बाजूस मेन द्यावा, आणि चोक हळूहळू फिरवीत जावा. एका जागी आवाज जवळजवळ नाहीसा होतो. तेथेच स्क्रू मारावेत.

त्या रात्री हेडफोन लावला आणि प्रथम काहीच ऐकू आले नाही. आम्हांला वाटले, पुन्हा बिघडले. मग तंबोरा सुरू झाला.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. स्विच बंद केला. दिवा गेला. पेटीत काय उरले?

तीन कंडेन्सर मिळून 194 मायक्रोफॅरड. 283 व्होल्टांना भरले असता त्यांत सुमारे पावणेआठ जूल ऊर्जा साठते. एक किलोचे माप सुमारे ऐंशी सेंटिमीटर उंचीवरून पडले तर जेवढी, तेवढी. माप पायावर पडले तर अंगठा सुजेल. हीच ऊर्जा एका हातातून दुसऱ्या हातात छातीमार्गे गेली तर माणूस दगावू शकतो. मेन बंद असो, प्लग काढून खिशात ठेवलेला असो, टाकीतले पाणी टाकीतच आहे.

आमचा शिकाऊ मुलगा म्हणाला, “साहेब, नळ्या तापलेल्या असतात, त्याच ते पाणी ओढून घेतील की!” खरे आहे. यंत्र धड असेल तर काही सेकंदांत टाकी रिकामी होते. परंतु धड यंत्र कोण उघडतो? हीटर तुटला, नळी काढून ठेवली, एखादा सांधा सुटला, म्हणून तर आपण झाकण काढतो. आणि नेमक्या त्याच वेळी ओढून घेणारे कोणी नसते. आमच्या वायरमनचे हेच झाले. तेथे दाब 415 व्होल्टांचा; त्याचे शिखर 587 व्होल्टांच्या घरात. यंत्र बिघडले होते, म्हणूनच त्याला बोलाविले होते.

यावर उपाय अगदी साधा. पहिल्या कंडेन्सरवर एक आणि शेवटच्यावर एक, असे 220 किलोओहम, 2 वॅटांचे दोन रेझिस्टर कायमचे जोडून ठेवावेत. त्यांना ब्लीडर म्हणतात. दोघांची किंमत एका चहाहून जास्त नाही. अ‍ॅम्प्लिफायर चालू असता ते थोडी वीज फुकट घालवितात. ती घालवू द्यावी. स्विच बंद झाल्यावर दोघे मिळून मिनिटभरात दाब 20 व्होल्टांच्या खाली आणतात. एक तुटला तर दुसऱ्याला दोन मिनिटे लागतात, पण काम होते. त्यावरही विश्वासून राहू नये. आधी मीटर लावावा, मग हात. आणि मीटर लावताना दुसरा हात खिशात. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून कंडेन्सर रिकामा करण्याची जी मर्दुमकी काही कारागीर दाखवितात, ती डोळे गमावण्याची वाट आहे. आणि नवशिक्याने हे काम एकट्याने, जाणत्या माणसावाचून, करू नये.

ती चौकशी आम्ही हरलो. सहा महिन्यांनी उत्तर घेऊन गेलो तेव्हा कागद बंद झाले होते. पुढल्या कराराच्या वेळी मात्र आम्ही दोन कलमे धरून बसलो: अशा प्रत्येक पेटीवर ‘मेन बंद केल्यावर इतकी मिनिटे थांबा’ ही सूचना मराठीत हवी, आणि प्रत्येक वायरमनच्या हाती मीटर हवा. वाढीचा आकडा त्या करारात फार मोठा नव्हता. ही दोन कलमे मात्र मिळाली. वाटाघाटीच्या टेबलावर आम्ही हा अ‍ॅम्प्लिफायर नेला होता. ब्लीडर काढून, प्लग उपसून, मीटरचा काटा समोरच्यांना दाखविला. काटा 280 वर उभा होता. कोणी काही बोलले नाही.

तो वायरमन आता आमच्या रविवारच्या वर्गात शिकवितो. दोन बोटे वळत नाहीत, म्हणून सोल्डरिंग डाव्या हाताने करतो. नव्या मुलाने झाकणाला हात घातला की तो एवढेच विचारतो, “मीटर लावलास का रे?”